स्थानबद्धाला वकील हवाच



युद्ध पेटले की सरकार माणसे पकडते, आणि पकडलेल्यांचे वकीलपत्र घेणाऱ्याला लोक आधी विचारतात, ‘तू कोणाच्या बाजूचा?’ मायकेल रॅटनर या अमेरिकी वकिलाने हा प्रश्न वर्षानुवर्षे झेलला. तो आपल्याकडेही विचारला जातो, कधी दगड हातात घेऊन विचारला जातो, म्हणून हे पत्रक. आमचे म्हणणे एवढेच आहे की, युद्धकाळातल्या बंदिवानाला वकील नाकारला, तर निरपराध माणूस आत कुजतो आणि खऱ्या गुन्हेगारालाही शिक्षा होत नाही. ग्वांटानामोत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

ग्वांटानामो हा क्यूबाच्या किनाऱ्यावरचा तळ अमेरिकेने 1903 पासून भाडेपट्ट्याने घेतलेला आहे. रॅटनर तिथे पोहोचले ते अमेरिकेवरच्या 2001च्या हल्ल्यांच्या कितीतरी आधी. 1971 साली ते न्यूयॉर्कच्या ‘सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स’ या संस्थेत दाखल झाले. वीस वर्षांनी हैतीत लष्करी उठाव झाला, लोक होड्यांतून पळाले, आणि त्यांतल्या एचआयव्हीबाधितांना अमेरिकेने याच तळावर कुंपणात ठेवले. सरकारचा युक्तिवाद साधा होता : जमीन क्यूबाची, माणसे हैतीची, तेव्हा अमेरिकेचा कायदा इथे लागू नाही. रॅटनर आणि त्यांचे सहकारी लढले, आणि 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाच्या निकालानंतर ती छावणी बंद झाली. पुढे हल्ल्यांनंतरच्या युद्धात पकडलेले पहिले वीस कैदी 11 जानेवारी 2002 रोजी त्याच तळावर उतरवले गेले, तेव्हा सरकारने तोच जुना युक्तिवाद पुन्हा पुढे केला. जुळ्या मनोऱ्यांचा ढिगारा अजून उपसला जात होता. बहुतेक संस्था या कामाला हात लावायला तयार नव्हत्या. रॅटनर आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी 19 फेब्रुवारी 2002 रोजी याचिका दाखल केली. त्यांना शिवीगाळीची पत्रे आली. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले, कारण 1950चा एक निकाल त्यांच्या विरोधात होता. शेवटी 28 जून 2004 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की या कैद्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येईल. त्या याचिकेत ‘यांना सोडा’ एवढीच मागणी नव्हती. यांना कोणत्या पुराव्यावर धरले आहे ते न्यायाधीशासमोर सांगा, हा तिचा गाभा होता.

हा प्रश्न विचारला नाही तर काय होते, ते ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो त्या शफीक रसूलच्या बाबतीत दिसले. इंग्लंडमधल्या टिप्टन गावचा हा तरुण दोन मित्रांसह अफगाणिस्तानात सापडला. ऑगस्ट 2000 मधली एक चित्रफीत त्याला दाखवण्यात आली. बिन लादेनच्या मागे बसलेला हा तूच, असे त्याला पुन्हा पुन्हा सांगितले गेले. एकांत कोठडी आणि सततच्या चौकशीनंतर तो ‘हो’ म्हणाला. त्याचे मित्रही ‘हो’ म्हणाले. पुढे ब्रिटिश गुप्तचरांनी तपासले, तर ती चित्रफीत घेतली गेली तेव्हा रसूल इंग्लंडमध्ये विजेच्या वस्तूंच्या दुकानात कामावर होता. मार्च 2004 मध्ये तिघेही आरोपपत्राशिवाय घरी परतले. ‘कबुलीजबाब आहे ना, मग वकील कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी त्या दुकानाची हजेरी आठवावी. आणि हे एकट्या रसूलचे नाही. सेटन हॉल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये लष्कराचीच 517 कैद्यांची कागदपत्रे तपासली. अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले त्यांत जेमतेम 5 टक्के निघाले. 86 टक्के लोक पाकिस्तानने किंवा अफगाणिस्तानातल्या नॉर्दर्न अलायन्सने अमेरिकेच्या हवाली केलेले होते, आणि तेही संशयितांसाठी मोठ्या बक्षिसांची पत्रके वाटली जात होती त्या काळात. माणसामागे पैसे मिळतात म्हटल्यावर कोणकोण पकडून दिले जाईल, हे सांगायला कायदा शिकावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की रणांगणावर कोर्ट भरवता येत नाही. मान्य आहे. गोळीबार चालू असताना पंचनामा करा, असे कोणी म्हणत नाही. पण ग्वांटानामो हे रणांगण नव्हते, रणांगणापासून हजारो मैलांवरचा तो तुरुंग होता. शिवाय हाती लागलेला माणूस सैनिक की नागरिक याविषयी शंका असेल तर त्याचा निवाडा सक्षम न्यायमंडळाने करावा, हे 1949च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या पाचव्या कलमात लिहिलेलेच आहे. अमेरिकेने ते पाळलेही होते. 1991च्या आखाती युद्धात तिच्या लष्कराने अशा जवळजवळ 1200 सुनावण्या घेतल्या, आणि त्यांतले बहुसंख्य लोक विस्थापित नागरिक असल्याचे निष्पन्न झाले. सैन्याला हे जमते, ते सैन्यानेच करून दाखवले होते. 2002 मध्ये ते टाळले गेले, ते राजकीय निर्णयामुळे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून तो नीट ऐकून घेतला पाहिजे. सुटलेल्यांपैकी काहीजण पुन्हा शस्त्र हाती घेतात, मग त्यांच्या बळींचे काय? अमेरिकी गुप्तचर खात्याच्या अहवालांनुसार सुटलेल्यांपैकी साधारण सहांत एक जण पुन्हा लढ्यात उतरल्याची खात्री पटली आहे. हा आकडा आम्ही लपवत नाही. पण सोडलेल्यांतले पाचशेहून अधिक लोक बुश सरकारच्याच काळात सुटले, आणि तेही बहुतांशी प्रशासनाच्या निर्णयाने. कोण धोकादायक आणि कोण नाही हे पुरावा पारखून ठरवायचे असते, आणि तीच पारख तिथे झाली नव्हती. दुसरी बाजूही पाहा. 2001च्या हल्ल्यांत 2977 माणसे मेली. त्या कटाचा सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च 2003 मध्ये पकडला गेला. त्याला गुप्त कोठड्यांत छळले, मग खास लष्करी आयोगापुढे उभे केले, आणि छळातून आलेला पुरावा ग्राह्य की अग्राह्य या वादात वीस वर्षांहून अधिक काळ गेला तरी खटल्याची मुख्य सुनावणी उभी राहिली नाही. मृतांचे आईबाप निकालाची वाट पाहत म्हातारे झाले. त्याच ग्वांटानामोतून न्यूयॉर्कच्या साध्या न्यायालयात नेलेल्या अहमद घैलानीला मात्र वकील मिळाला, ज्यूरी मिळाली, आणि 2011 मध्ये जन्मठेपही झाली.

आता मुंबईकडे पाहा. मुंबईवरच्या 2008च्या हल्ल्यातल्या कसाबला वकील द्यायचा नाही असा ठराव इथल्या वकिलांच्या एका संघटनेने केला होता. न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलाच्या घरावर दगडफेक झाली. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि चार वर्षे पुरी होण्याआधी तो संपला. (फाशी असावी की नसावी हा वेगळा विषय आहे.) याच खटल्यात फहीम अन्सारी हाही आरोपी होता. त्याने काढून दिलेला नकाशा मृत हल्लेखोराच्या खिशात सापडला, असा पोलिसांचा दावा होता. हल्लेखोराचे कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशावर मात्र रक्ताचा डाग नाही. न्यायाधीशांनी हा पुरावा फेटाळला. फहीम सुटला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याची सुटका कायम ठेवली. त्याचे वकील शाहिद आझमी तो निकाल ऐकायला हयात नव्हते. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एकाच खटल्यात दोषीला शिक्षा झाली आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा टिकला नाही तो सुटला. वकील होते म्हणूनच या दोन्ही गोष्टी होऊ शकल्या.

तिसरा आक्षेप खरे तर आरोप आहे : असे वकील मनातून शत्रूचेच असतात. 2007 च्या जानेवारीत पेंटागॉनच्या एका अधिकाऱ्याने कैद्यांचे वकीलपत्र घेणाऱ्या नामांकित फर्मची नावे जाहीरपणे घेतली आणि कंपन्यांनी त्यांच्याकडचे काम काढून घ्यावे असे सुचवले. त्याला माफी मागावी लागली आणि पद सोडावे लागले. या आरोपाला खरे उत्तर सरकारी बाजूच्याच एका वकिलाने दिले आहे. लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट काउच यांच्याकडे मोहम्मदू सलाही या मॉरिटानियन कैद्याचा खटला होता. काउच यांचा मित्र हल्ल्यातल्या एका विमानाचा सहवैमानिक होता, तो मारला गेला होता. त्यांना हा खटला हवाच होता. पण सलाहीचे जबाब छळातून काढले आहेत हे कळल्यावर त्यांनी तो चालवायला नकार दिला. काउच शत्रूचे होते असे कोण म्हणेल?

सलाहीच्या वकील नॅन्सी हॉलंडर यांचे काम कसे चाले तेही पाहा. अशील समोर, त्याचा पाय जमिनीतल्या कडीला जखडलेला. भेट संपली की वकिलाची टिपणे लिफाफ्यात बंद होऊन वॉशिंग्टनजवळच्या एका बंदोबस्तातल्या कार्यालयात जात. स्वतःच्याच अक्षरातली टिपणे वाचायला वकिलाने तिथे जायचे. सलाहीने 2005 मध्ये कोठडीत हाताने 466 पाने लिहिली. ती बाहेर यावीत म्हणून वकील वर्षानुवर्षे भांडले, आणि 2015 मध्ये पुस्तक निघाले ते ओळीच्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकलेले. 2016 मध्ये, चौदा वर्षांनी, सलाही खटल्याशिवाय सुटला. मराठी वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी मराठीत ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवायला महाराष्ट्र सरकारने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयात संझगिरी जिंकले, सरकार दिल्लीला गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. निकालाची तारीख 6 सप्टेंबर 1965. त्याच दिवशी भारतीय फौजा लाहोर आघाडीवर पुढे सरकल्या होत्या. त्या निकालाने फौजेचे काहीही अडले नाही.

‘संकट टळू द्या, मग न्याय पाहू’ म्हणणाऱ्यांसाठी फ्रेड कोरेमात्सूचे उदाहरण पुरे आहे. 1942 मध्ये जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना अमेरिकेने छावण्यांत कोंडले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेला कोरेमात्सू 1944 मध्ये हरला. सरकारने न्यायालयापासून पुरावा दडवला होता हे सिद्ध होऊन त्याची शिक्षा रद्द व्हायला 1983 उजाडले. ऐंशी ओलांडलेल्या कोरेमात्सूने रसूलच्या खटल्यात कैद्यांच्या बाजूने निवेदन दिले.

आपल्या घटनेचे 22वे कलम अटकेतल्या माणसाला पसंतीच्या वकिलाचा हक्क देते, पण त्याच कलमाचा तिसरा खंड हा हक्क शत्रुदेशाच्या नागरिकाला आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसाला नाकारतो. म्हणजे ज्याला वकील सगळ्यात जास्त हवा त्याच्यासाठी हमीच नाही. त्याच्यासाठी उरते ती रिट याचिका, आणि ती लिहायला तयार असलेला एखादा वकील. तोही बहिष्काराच्या भीतीने घरी बसला तर त्या माणसाला कोणीच उरत नाही.

रॅटनर मे 2016 मध्ये वारले, तेव्हा ग्वांटानामोत सुमारे 80 कैदी होते. एकूण 780च्या आसपास माणसे तिथे नेली गेली. जानेवारी 2025 मध्ये 15 उरली होती. आमची विनंती आपल्या गावच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या वकील मंडळींना आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असे ठराव रद्दबातल आहेत, ते घटनेविरुद्ध आणि वकिली धर्माविरुद्ध आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात स्पष्ट सांगितले आहे. पुढच्या वेळी तुमच्या बाररूममध्ये असा ठराव मांडला गेला, तर उभे राहा, तो निकाल मोठ्याने वाचून दाखवा, आणि विरोधात मत द्या.