लिंटल चारी भिंतींवरून फिरवा

“धरन फुटला का जी?”

4 डिसेंबर 2024 च्या सकाळी आमच्या गावठाणात सगळ्यात आधी हाच प्रश्न निघाला. साडेसात वाजायला दोन-तीन मिनिटं असतील. मजूर यायच्या आधी मी एका घरकुलाची आदल्या दिवशी उचललेली भिंत तपासत होतो. वारा अजिबात नव्हता, तरी ओळंबा हलत होता. हात थरथरतोय की काय म्हणून दोरी खिळ्याला अडकवली, तरी तो हलतच राहिला. तेवढ्यात शेजारच्या घरावरचे टिन खडखडले आणि टिन उडू नये म्हणून वर ठेवलेल्या विटांपैकी एक घसरून दाराशी पडली. बाया, पोट्टे, म्हातारे सगळे रस्त्यावर आले आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, वैनगंगेकडे, वळली.

आमचं जुनं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून इथल्या माणसाच्या आयुष्यातली प्रत्येक उलथापालथ या ना त्या वाटेनं धरणापाशी जाऊन पोचते. त्यामुळे जमीन हलली तर धरणच आठवणार. यात अडाणीपणा कसला?

थोड्या वेळात मोबाइलवर खरी बातमी आली. भूकंप तेलंगणातल्या मुलुगू भागात झाला होता, 5.3 तीव्रतेचा, जमिनीखाली 40 किलोमीटरवर. गोसीखुर्दपासून ती जागा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास येते. इतक्या लांबचा हादरा इथवर पोचला, कारण या भागातला खडक जुना आणि कठीण आहे. अशा खडकातून लाटा लांब जातात, वाटेत फारशा विरत नाहीत. आमच्या तलावाच्या पाण्याचा आणि त्या भूकंपाचा संबंध लावता येत नाही. एवढं चार वाक्यांत सांगितलं असतं तर लोक समजले असते. पण अशा वेळी वरून येणारा निरोप ठरलेला असतो : घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. मग त्या रिकाम्या जागेत अफवाच शिरते. संध्याकाळी यापेक्षा मोठा येणार आहे, असा मेसेज दुपारपर्यंत तीन गटांतून माझ्याकडे आला. भूकंपाची वेळ आधी सांगणारं शास्त्र जगात कुठेच नाही. पण हे आमच्या गावात येऊन सांगणार कोण?

धरणाविषयीचा प्रश्न तर मुळीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, हे सांगताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. त्या धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. कोयनेची भिंत 103 मीटर उंच आहे, गोसीखुर्दची 22.5. पाण्याची खोली आणि खालचा खडक दोन्ही वेगळे, म्हणून कोयनेची भीती जशीच्या तशी इथे आणायचं कारण नाही. हा फरकसुद्धा कोणीतरी गावात येऊन सांगायला हवा.

आमची वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते. 2020 च्या पावसाळ्यानंतर त्याच सिवनी शहराखाली लहान-लहान धक्के बसत होते. 22 नोव्हेंबरचा धक्का 4.3 चा होता. पुढे ही नदी वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. मुलुगू त्या गोदावरीच्या पलीकडे. म्हणजे नदीच्या उगमाकडे जमीन हलली आणि शेवटाकडेही हलली. त्याआधी 22 मे 1997 च्या रात्री जबलपूर हादरलं होतं, तेही विदर्भात जाणवलं. उन्हाळ्याचे दिवस, आम्ही अंगणात खाटा टाकून झोपलेलो. खाट हलली तेव्हा म्हातारीनं कुत्र्याला शिवी दिली आणि कूस बदलली. आमच्याकडे भूकंप म्हणजे एवढाच. नवल, चार दिवसांची चर्चा, मग विसर.

मला ही विसरण्याची सवय परवडत नाही. त्याला कारण किल्लारी.

1995 साली, विशीत असताना, मी एका ठेकेदाराच्या हाताखाली तिकडे कामाला गेलो. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप होऊन दोन वर्षं होत आली होती आणि नव्या जागी गावं उभी राहत होती. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट, चारला काही मिनिटं कमी, आणि हजारो माणसं झोपेतच गेली. आम्ही जुन्या गावठाणातल्या पडक्या भिंती पाहायला जायचो. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठे सापडत नव्हता. वर माळवद, म्हणजे मातीचा जड थर. हादरा बसला तशी भिंत मधून फुगली, दोन्ही अंगांना फाकली, आणि माळवद खाली आलं. तिथल्या एका मावशीनं नवं घर मिळूनही कित्येक महिने अंथरूण ओसरीतच टाकलं. ती म्हणायची, “छत बघितलं की डोळा लागत नाही रे पोरा.”

आणि किल्लारी तेव्हाच्या नकाशावर कुठे होती? भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात. आज आमचा भंडारा जिल्हा क्षेत्र दोनमध्ये आहे, आणि आता सर्वात खालचं क्षेत्र तेच. कोणी मला नकाशा दाखवून निश्चिंत राहायला सांगितलं की मला ती फाकलेली भिंत दिसते.

मी मिस्त्री आहे, म्हणून घराबद्दलच बोलतो. आमची झाडीपट्टीतली जुनी घरं मातीच्या भिंतींची, सागाच्या खांबांची, वर कवेलू. माती काही पोलाद नव्हे, तीही पडते. पण छताचा भार खांबांवर असायचा, आणि कवेलू डोक्यात पडलं तर खोक पडेल, माळवदासारखं माणसाला गाडणार नाही. बुडीत गावांतून उठून आम्ही गावठाणात आलो तेव्हा ती घरं मागेच राहिली. मोबदल्याचे पैसे हप्त्याहप्त्यानं आले, तशी घरंही तुकड्यातुकड्यानं उभी राहिली. एक खोली साडेचार इंची विटांची, पुढच्या वर्षी तिला टेकून दुसरी, दोन भिंतींच्या सांध्यात विटा एकमेकींत गुंतवलेल्या नाहीत, वर टिन आणि टिनावर दगड. जमीन हलली की घरातला माणूस दाराबाहेर धावतो आणि ते दगड नेमके दारापुढेच पडतात. त्या सकाळी एक वीट पडली, म्हणून निभावलं. टिनाला जे-हूक लावून घ्या आणि दगड-विटा आजच खाली उतरवा. याला सरकार लागत नाही.

घरकुलाचं गणित वेगळं. प्रधानमंत्री आवास योजनेत घराला 1 लाख 20 हजार रुपये ठरले आणि घर किमान 25 चौरस मीटरचं. पैसा कमी पडला की मालक आणि मिस्त्री मिळून सळई कापतात, कारण सळई नंतर दिसत नाही. लिंटल फक्त दार आणि खिडकीच्या डोक्यावर टाकतात आणि मधली भिंत तशीच चढवतात. तोच लिंटल चारी भिंतींवरून अखंड फिरवला, कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत बांधल्या, तर चारही भिंती एकत्र हलतात, सुट्या होऊन पडत नाहीत. एवढ्या घराला माझ्या हिशेबानं तीनेक पोती सिमेंट आणि चाळीस किलोच्या आसपास सळई जास्त लागते. किल्लारीत आम्हाला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. आमच्या तालुक्यात हप्ता सोडायला फोटो काढायला येणारा माणूस छत पडलं की नाही ते पाहतो, कोपऱ्यातली सळई मी तरी कोणाला पाहताना बघितलेलं नाही. जिल्हा परिषदेनं घरकुलाच्या अंदाजपत्रकात लिंटलचा हा अखंड पट्टा सक्तीचा करावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत.

धरणाच्या बाबतीत मागणी आणखी साधी आहे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं 30 मीटर किंवा त्याहून उंच धरणाजवळ भूकंपमापन केंद्र उभारणं बंधनकारक केलं. त्याहून बुटक्या धरणाला ते लागेल की नाही, हे भूकंपक्षेत्रावरून ठरतं. गोसीखुर्द उंचीला कमी पडतं आणि जिल्हा खालच्या क्षेत्रात येतो. पण या धरणाची लांबी अकरा किलोमीटरहून जास्त आहे, दारं 33 आहेत आणि खाली किती गावं आहेत ते 2020 च्या ऑगस्टअखेरच्या पुरात सगळ्यांनी पाहिलं. कायद्याच्या उंबरठ्यावर अडून न बसता इथे यंत्र बसवावं आणि त्याची नोंद लोकांना पाहता यावी. त्याच कायद्यानं आपत्कालीन कृती आराखडा करायला जुन्या धरणांना 30 डिसेंबर 2021 पासून पाच वर्षं दिली आहेत. तो आराखडा कार्यालयाच्या कपाटात राहू नये. मराठीतून, धरणाच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा : भोंगा कसा वाजेल, कोणत्या टेकाडावर जायचं, कोणाचा ट्रॅक्टर म्हाताऱ्यांना नेईल.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. धान विकून या उन्हाळ्यात कोणी बांधकाम काढणार असेल, तर मिस्त्रीला आधीच सांगा की लिंटल चारी भिंतींवरून फिरला पाहिजे. तो ओतला जाईल त्या दिवशी शेतावर जाऊ नका. काँक्रीट पडायच्या आधी चारही कोपऱ्यांतली सळई स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच मजुरी द्या. मिस्त्री मी असलो तरी.