फरशीखालचं बाथरूम
जुन्या सोसायटीत पहिलंवहिलं घर घेणारी जोडपी बाथरूमच्या कामाची सुरुवात हमखास टाइल्सच्या दुकानातून करतात. खरी गोम असते फरशीखाली. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच इमारतींत भिंतीआड जीआय पाइप आहेत, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. ते आतून गंजतात, पाण्याची वाट अरुंद होत जाते आणि शॉवरची धार करंगळीएवढी उरते. छिन्नी-हातोडा स्वतः चालवायची हौस असेल, तर मेन कॉक बंद होतो का ते आधी पाहावं. जुन्या घरात तो बहुधा जाम असतो. फरशा उखडणं, रंग देणं, नळ बदलणं हौशी माणसाला जमतं. वॉटरप्रूफिंग मात्र जाणत्या मिस्त्रीवरच सोपवावं, आणि उतारही. नहाणी ट्रॅपकडे मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार हवा, नाहीतर साबणाचं पाणी कोपऱ्यात तळ ठोकतं. टाइल्स बसवण्याआधी ट्रॅपला बोळा लावून निदान 24 तास पाणी तुंबवायचं आणि खालच्या काकूंचं छत बघून यायचं. काकू चहा देतील, पण ओल दिसली तर भुर्दंड वरच्यांनाच: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सदनिकाधारकाने करायचा असतो.