पार्ट नंतर, आधी निदान विका!

मोर्शी-वरुडकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पार्ट विकण्याआधी निदान विकायला शिका.

उदाहरण घेऊ एसडीआर रिसीव्हरचं. हा पेन ड्राइव्हएवढा रेडिओ. त्याचं बरंचसं काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. विद्यार्थी, हॅम रेडिओवाले हौसेनं घेतात. समजा गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, उबुंटूत लावला, पण चालतच नाही." लगेच "हा गेला, नवा घ्या" म्हणू नका. क्रमानं पाहा.

१) यूएसबीच्या यादीत दिसतो का? नसेल तर पोर्ट आणि केबल बदलून पाहा.

२) दिसतो, पण रेडिओच्या सॉफ्टवेअरला मिळत नाही? स्वस्त रिसीव्हरमधली आरटीएल२८३२यू ही चिप मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनलेली. रेडिओ म्हणून तिचा वापर २०१२ पासून पसरला. लिनक्सला वाटतं टीव्ही ट्यूनरच आला, म्हणून टीव्हीचा ड्रायव्हर तिला धरून बसतो. तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. पार्टचा खर्च शून्य!

३) फक्त सुडो लावल्यावर चालतो? मग परवानगीचा प्रश्न आहे. यूडेव्हचा नियम टाका.

४) एफएम लागतं, पण ५८५ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी नागपूर लागत नाही? बिघाड नाही. साध्या मॉडेलची रेंज साधारण २४ मेगाहर्ट्झपासून सुरू होते.

आता म्हणाल, सर, मोर्शीत असे रेडिओवाले किती? थोडेच. पण संत्र्याच्या व्यापाऱ्याचा वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलेला असतो ना? त्याच्या यूएसबी केबलमध्ये सीएच३४० चिप असेल आणि उबुंटू २२.०४ असेल, तर हीच गंमत होऊ शकते. अंधांच्या ब्रेल यंत्रासाठीचं बीआरएलटीटीवाय हे सॉफ्टवेअर त्या केबलला आपली समजून धरून बसतं. काटा चांगला, केबल चांगली, तरी वजन स्क्रीनवर येत नाही. ऐन सीझनमध्ये गाड्या खोळंबतात. इथं नवी केबल विकणारा पुन्हा तिथंच अडकतो. कारण शोधणारा सुटतो.

माझं मत स्पष्ट आहे. "फुकट बघून देतो" ही सवय धंद्याला मारक आहे. बघण्याचे पैसे नसले, की कमाईसाठी पार्ट गळ्यात मारावा लागतो. तालुक्याच्या गावात ही गोष्ट आठवडी बाजारापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

म्हणून तपासणी फी बोर्डावर लिहा. बिलावर तीन ओळी लिहा: काय तपासलं, काय सापडलं, काय बदललं. काही सापडलं नाही तर तेही लिहा. ज्याचे नव्या पार्टचे पैसे तुम्ही वाचवले, तो दुसरं गिऱ्हाईक घेऊन येतो.

तुमच्या दुकानात तपासणी फी किती ठेवाल? आजच वहीत आकडा लिहा!