उत्तेजनार्थ बक्षीस नको

मागच्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका क्रीडा महोत्सवात ‘दिव्यांगांची शंभर मीटर दौड’ होती. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात आणि उजवा पाय ताठर. माझ्या एका बाजूला एक हात नसलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला एक पाय आखूड असलेला, त्याच्यापलीकडे एक कर्णबधिर. शिट्टी झाली. कर्णबधिराला ती ऐकू आली नाही, पण आम्ही पळालेले पाहून तो पळाला आणि सहज पहिला आला. येणारच! त्याचे दोन्ही पाय धडधाकट होते. (कर्णबधिरांच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९२४ पासून भरतात, हे तिथे कोणाच्या गावीही नव्हते.) मी शेवटून दुसरा. मला ‘उत्तेजनार्थ’ म्हणून स्टीलचा डबा मिळाला. आई त्यात शेंगदाणे ठेवते.

संयोजकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी आमची प्रमाणपत्रे पाहिली, आमचे पळणे पाहिले नाही, एवढेच. २०१६ च्या कायद्याने आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. त्या कामापुरते ते ठीक आहे. पण हे टक्के हाताचे की पायाचे, आणि चेंडू अडवताना ते किती आडवे येतात, हे कागद सांगत नाही.

किल्ल्याकडच्या मैदानावर मी मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो. खेळतो म्हणजे मला घेतात. “तू मागे थांब रे,” म्हणतात आणि चेंडू माझ्याकडे येणार नाही याची काळजी घेतात. म्हणून सेरेब्रल पाल्सी फुटबॉलचे नियम वाचले तेव्हा मी चकित झालो. संघात सात खेळाडू. त्यांचे तीन वर्ग : एफटी-१ म्हणजे हालचालींवर सर्वांत जास्त परिणाम झालेले, एफटी-३ म्हणजे सर्वांत कमी. तपासणारे लोक टेबलावर हातपाय वाकवून पाहतात, चेंडूसह पळायला लावतात, आणि पुढे प्रत्यक्ष सामन्यातही पाहतात. मैदानावर एफटी-१ चा किमान एक खेळाडू असलाच पाहिजे आणि एफटी-३ चा एकाहून जास्त चालत नाही. मित्रहो, या नियमाची गंमत लक्षात घ्या. ज्याला आपण बाकावर बसवू, त्याच्यावाचून संघाचे अडते! मग त्याला चेंडू द्यावा लागतो, शिकवावे लागते. जिल्ह्यात प्रत्येक प्रकारचे आठ-दहा धावपटू मिळणार नाहीत, ही संयोजकांची अडचण खरी; पण असा मिश्र संघ बांधता येईल.

वर्गवारी निर्दोष असते असे मी म्हणत नाही. टोकियोत २०२१ साली आपल्या विनोद कुमार यांनी थाळीफेकीत कांस्यपदक मिळवले आणि दुसऱ्याच दिवशी ते एफ-५२ वर्गात बसत नाहीत म्हणून निकाल रद्द झाला. स्पर्धेआधी काही दिवस त्याच वर्गात त्यांना बसवले होते! निकालानंतर अशी शोभा होऊ नये. पण त्यावरचा इलाज तपासणी आधी आणि नीट करणे हा आहे. ती बंद करणे नव्हे.

कोणी विचारील, मग सगळेच समान करायचे का? नाही. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचे सचिन खिलारी पॅरिसला २०२४ मध्ये एफ-४६ गोळाफेकीत १६.३२ मीटर फेकून दुसरे आले. पहिले आलेले कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट १६.३८ मीटरवर होते. दोघांच्याही एकाच हातात दोष. स्टुअर्ट मात्र सात फुटांहून उंच! उंचीचा कोणी वर्ग केला नाही, आणि ते बरोबरच आहे. उंची, सराव, जिद्द यांत माणसांनी एकमेकांना हरवावे, त्यासाठीच तर खेळ. सहा सेंटिमीटरने हरणे मला चालेल.

सेरेब्रल पाल्सी फुटबॉल १९८४ ते २०१६ पॅरालिम्पिकमध्ये होता, नंतर वगळला गेला. त्यामुळे पदकाचे स्वप्न वगैरे मी दाखवत नाही. जिमखान्याच्या सरांना एवढीच विनंती, की यंदाच्या गॅदरिंगला ती एकच दौड ठेवू नये. आमच्यापैकी कोण कसा पळतो हे आधी एक संध्याकाळ मैदानावर उभे राहून पाहावे. चेंडू मी आणीन.