यंत्र विकत मिळते, धडा लिहावा लागतो

सर्जापूर रोडवरील आमच्या वसाहतीत स्वयंपाकाला येणाऱ्या बाई मूळच्या निपाणीच्या. त्यांचा सातवीतला मुलगा सरकारी कन्नड शाळेत शिकतो, घरी मराठी बोलतो. पुतण्यासाठी घेतलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक मी एका रविवारी त्याच्यापुढे ठेवला. सोबतची इंग्रजी पुस्तिका त्याने दोन मिनिटे चाळून खाली ठेवली. मग मी मराठीत सांगितले : दिवा लाव, एक सेकंद थांब, विझव, पुन्हा तेच कर. तो म्हणाला, "काका, एकाच्या जागी पाच घातलं तर?" आणि घालून पाहिलेही. अर्ध्या तासात त्याला 'लूप' कळला. यंत्र तेच होते आणि मुलगाही तोच. फक्त धडा बदलला होता.

शासनात मात्र आपण धड्याचा विचार सर्वांत शेवटी करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळांसाठी संगणक घेणाऱ्या एका समितीवर मी काम केले आहे. तीन बैठका यंत्राच्या तपशिलावर झाल्या. मुले त्यावर काय शिकणार, या विषयाला टिपणीत एक ओळ मिळाली. यात कोणाची लबाडी नव्हती. यंत्राची नोंद जडवस्तू नोंदवहीत होते, त्यावर क्रमांक घालता येतो, लेखापरीक्षकाला ते दाखवता येते. चांगल्या धड्यावर क्रमांक घालता येत नाही.

ही सवय जुनी आहे. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्पाखाली सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले. ब्रिटनमध्ये हा संगणक बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून जन्मला होता. दूरचित्रवाणीवरील पाठ आणि पुस्तके त्याच्या जोडीला होती. तेथे धड्याला यंत्राची जोड होती. आपण यंत्र आणले. भारतीय भाषांतील धडे मागे राहिले. आजच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत (२०१६) एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून साहित्य येते. परंतु लातूर किंवा गडचिरोलीच्या शाळेने त्या रकमेतून मराठी पाठमाला लिहून घ्यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम एकदाच आणि सर्वांसाठी व्हायला हवे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा मुद्दा सरळ दिसतो. यंत्र एका शाळेला दिले की दुसरीला मिळत नाही. धडा मात्र एकदा लिहिला की लाखभर शाळांनी वापरला तरी संपत नाही. अशी सार्वजनिक वस्तू बाजार पुरेशी निर्माण करत नाही. म्हणूनच तिच्यावर खर्च करणे हे शासनाचे पहिले कर्तव्य ठरते. आपण नेमके उलट करतो.

केवळ भाषांतराने भागेल, असेही नाही. याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे कार्यालय असलेल्या अझीम प्रेमजी फाउंडेशनने २००० नंतरच्या दशकात अनेक भारतीय भाषांत शैक्षणिक सीडी काढून हजारो शाळांत पोचवल्या. पुढे त्याच संस्थेने मोकळेपणाने मान्य केले, की शिक्षकाला बाजूला ठेवून संगणक शिक्षण सुधारू शकत नाही. स्वतःची चूक जाहीरपणे सांगण्याचे हे धैर्य सरकारी खात्यांनी शिकण्यासारखे आहे. केरळने हा धडा आधीच घेतला होता. तेथे आयटी@स्कूल प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर, शिक्षक-प्रशिक्षण आणि मल्याळम पाठ्यपुस्तके एकत्र उभी राहिली. भाषिक अल्पसंख्याकांसाठी कन्नड व तमिळ पुस्तकेही निघाली. त्या पायावर २०२५ मध्ये दहावीच्या सर्व मुलांसाठी रोबोटिक्स आणता आले.

'कोडिंग इंग्रजीतच असते' हा आक्षेप हमखास येतो. पायथन भाषेतले राखीव शब्द आहेत अवघे ३५. ते कोणतेही मूल आठवडाभरात पाठ करील. कठीण असते ती त्यामागची विचारपद्धती, आणि ती मातृभाषेतच लवकर रुजते. मराठीतून संगणक वापरायला शिकता येते, हे एमएस-सीआयटीने लाखो लोकांच्या बाबतीत सिद्ध केले आहे. आता संगणकाला आज्ञा द्यायला शिकवायचे आहे. 'कोड आता यंत्रच लिहील' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे कोण ठरवणार? फक्त इंग्रजी शाळेतली मुले?

म्हणून माझ्या मागण्या तीन. यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात किमान एक चतुर्थांश रक्कम पाठनिर्मिती व शिक्षक-प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी. शासनाच्या पैशातून लिहिलेला प्रत्येक धडा सर्वांना मोफत वापरता व बदलता यावा. आणि वर्गात शिकवून पाहिल्याशिवाय कोणताही धडा स्वीकारू नये.

घरापासून दूर असलेल्या मराठी वाचकांना एक वेगळी विनंती. या रस्त्यावरच्या कंपन्यांत मराठी अभियंते थोडे नाहीत. गणेशोत्सवाची वर्गणी आपण न चुकता देतो. यंदा प्रत्येकाने एक धडा लिहावा, आपल्या गावच्या शाळेतील शिक्षकांकडे पाठवावा आणि ते जिथे अडतील तिथे तो दुरुस्त करावा. ज्यांना कन्नड येते त्यांनी कन्नडमध्येही लिहावा; निपाणीच्या त्या मुलाचे शिक्षक कन्नडमधूनच शिकवतात, आणि त्याच्या वर्गातील उरलेल्या मुलांचे माझ्या रविवारवर भागणार नाही.