जात्यावर नाव कोणाचे?

हल्ली मोबाइलवर एक चित्र वरचेवर फिरत येते. त्यात जाते, पाटा-वरवंटा, कंदील, भोवरा, सागरगोटे असे सारे मांडलेले असते आणि खाली ओळ असते, ‘ज्यांनी हे पाहिले ते भाग्यवान!’ मी ते मोठ्या हौसेने आजीला दाखवले. तिने चष्मा सावरला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “जातं दिसते वं माय यात, घाम कुठी दिसते?”

हा लेख त्या एका प्रश्नामुळे लिहीत आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. पण भाकरीआधी पीठ लागते, आणि गावात गिरणी येण्यापूर्वी ते पीठ घरातल्या बाईच्या खांद्यातून यायचे. कोंबडा आरवण्याच्या आधी उठायचे, खुंटा धरायचा, मुठीने घास टाकायचा आणि काळ्या पाषाणाची जड तळी फिरवत राहायचे. समोर जाऊ बसली तर भार हलका, नाहीतर एकटीचा. ‘जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात’ अशी म्हण आपण निबंधात लिहितो. जाते फिरवणारीचे काय होत असेल, हे मात्र म्हण सांगत नाही.

खेळण्यांचेही तसेच. माझ्या भावाजवळ भोवरा होता, विटीदांडू होता. ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी तो स्वतः करी. पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल येत. त्यांची पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून ते भावाच्या गाडीला जुंपले जात. माझ्याजवळ चिंध्यांची बाहुली होती आणि यात्रेतून आणलेली भातुकली. तिच्यात तळहाताएवढे दगडी जातेसुद्धा होते! भावाच्या खेळण्यांनी त्याला मैदानावर नेले. माझ्या खेळण्यांनी मला चुलीपाशी बसवले. आम्ही त्याला खेळ म्हणत होतो. आज वाटते, माझी ती उमेदवारीच चालली होती.

मग या वस्तू विसरून जाव्यात काय? मुळीच नाही. भावाची गाडी मोडली तर तो दुसरी करी. त्यासाठी बापाच्या खिशात हात घालावा लागत नसे. पोर वस्तू करायला आणि दुरुस्त करायला शिकत असे. आजचे प्लॅस्टिकचे खेळणे मोडले की ते सरळ उकिरड्यावर जाते. ही हानी खरी आहे, आणि तिच्याबद्दल हळहळ वाटणेही योग्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की वस्तूची आठवण ठेवताना तिच्यामागचा माणूस गाळू नये.

असे न गाळता जपणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या, आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आज तो साठा एक लाखाच्या वर आहे. त्यांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही टिपले, हे मला फार मोलाचे वाटते.

मी आजीला ओव्या विचारल्या तेव्हा तिला एकही आठवेना. “हात रिकामा असला तं कशी आठवीन?” असे म्हणून तिने सहज बाजेचा गात धरला, गोल हात फिरवला, आणि पहिली ओवी आली. तिच्यामागे दुसरी. अंगाला पाठ झालेली ही विद्या आणखी किती दिवस आपल्यात आहे?

आपल्या जिल्ह्याने सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान जपले. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर यादीत गेले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण राजवाड्याबाहेरच्या हजारो घरांतील जाती, उखळे, कणग्या कोणाच्या यादीत आहेत? आमचेच उदाहरण सांगते. आजीच्या जात्याची वरची तळी बाबांनी न्हाणीपुढे पायरी म्हणून बसवली आहे. खुंट्याचे भोक सिमेंटने बुजवले आहे. मी रोज तिच्यावर पाय देऊन घरात येते.

म्हणून सुचवावेसे वाटते, की महाविद्यालयात एक खोली, निदान एक कपाट तरी यासाठी असावे. प्रत्येकाने घरची एक वस्तू आणावी आणि सोबत चिठ्ठी लावावी : वस्तूचे आपल्या बोलीतले नाव, ती घडवली कोणी, वापरली कोणी आणि कष्ट किती पडले.

आमच्या घरी पितळेचा गुंड आहे. त्यावर आजोबांचे नाव कोरलेले आहे. तो गुंड डोक्यावर आजीने वाहिला. ही कल्पना तिला सांगितली, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुया बापाले सांग, पायरी काढ म्हणा. पण चिठ्ठीवर माह्यं नाव लिहिजो.”

बाबांनी अजून पायरी काढलेली नाही. चिठ्ठी मात्र मी लिहून ठेवली आहे.