ज्ञानोदय, निरोप्या आणि आमचं डोणगाव

मिशनऱ्यांची जुनी मराठी मासिकं म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "धर्मांतराचा प्रचार, दुसरं काय!" आणि दुसरी, "असतील बुवा", म्हणजे विषय बदला. दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि या वीकएंडला त्यावरच भांडायचं ठरवलंय.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी डोणगावचा. मेहकर तालुका, बुलढाणा जिल्हा. चर्चशी आमच्या घराचा काडीचाही संबंध नाही. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या भागातली माणसं कशी जगत होती हे शोधायला बसलं की हाती काय लागतं? १९१० सालचं इंग्रजांचं बुलढाणा गॅझेटियर. त्यात जमीन, पाऊस, जाती, शेतसारा सगळं आहे, कारण साहेबाला राज्य चालवायचं होतं. मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जन्म, मृत्यू, जात. २०२३ मध्ये शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा असल्या पिवळ्या पडलेल्या कागदांची किंमत अख्ख्या महाराष्ट्राला कळली. पण कोतवाल बुकात माणूस फक्त जन्मतो आणि मरतो. मधली चाळीस-पन्नास वर्षं तो काय करत होता, बांधावरून कुणाशी भांडला, पोरीला शाळेत घातलं की नाही, याला रकानाच नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. गॅझेटियर म्हणजे क्लायंटला पाठवलेला स्टेटस रिपोर्ट. खरं काय घडलं ते बघायचं तर लॉग फाईल उघडावी लागते. ती प्रचंड कंटाळवाणी असते. पण चूक सापडते ती तिथेच.

इंग्लंडमधल्या गावांकडे ही लॉग फाईल आहे. १८५९ मध्ये डर्बीच्या जॉन अर्स्किन क्लार्क नावाच्या पाद्र्याने 'पॅरिश मॅगझिन' काढलं. आतली पानं सगळ्यांसाठी एकच छापलेली, त्याला प्रत्येक गावच्या चर्चने आपली बातमीची पानं जोडायची. (टेम्प्लेट! १८५९ मध्ये!) आतल्या बोधकथा आज कुणी वाचत नाही. बाहेरच्या पानांवर मात्र लग्नं, मयती, शाळेचा निकाल, कुणी किती वर्गणी दिली, हे सगळं बसलंय. आज तिथली माणसं आपल्या गावाचा इतिहास लिहायला बसली की आधी हेच गठ्ठे सोडतात.

आपल्याकडे काय? 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलं. म्हणजे क्लार्कसाहेबांच्या सतरा वर्षं आधी. ते एका गावाचं पत्र नव्हतं हे मान्य. पण १९०३ मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइट पाद्र्याने 'निरोप्या' काढला तो नगर जिल्ह्यातल्या केंदळसारख्या खेड्यातून, आणि मराठीत.

आता "प्रचार" या आरोपाकडे येऊ. प्रचार होताच, नाही कोण म्हणतो? पण १८५५ मध्ये ज्ञानोदयने मुक्ता साळवेचा निबंध छापला. फुल्यांच्या शाळेतली, मातंग समाजातली चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. मांग-महारांना जमिनीवरून कसं हुसकावलं, त्यांच्या बायका पावसा-थंडीत उघड्यावर कशा बाळंत होतात, हे तिने लिहिलं. आणि आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असं थेट देवालाच विचारलं. हा निबंध आज आपल्याला वाचायला मिळतो तो मिशनऱ्यांच्या पत्राने छापला म्हणून. ज्यांना हा प्रचार वाटतो त्यांनी तेवढीच जुनी, अशा घरातल्या मुलीने स्वतः लिहिलेली दुसरी दोन पानं दाखवावीत. मी वाट बघतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या मासिकांत गाव दिसतं ते पाद्र्याच्या खिडकीतून. जो चर्चच्या पायरीवर आला नाही तो एक तर दिसत नाही किंवा अडाणी दिसतो. शंभर टक्के खरं. पण या खिडकीला गज कुठे आहेत ते निदान आपल्याला माहीत आहे. गॅझेटियरमधला पूर्वग्रह आकड्यांच्या तक्त्यात लपतो आणि आपण तो आकडा तसाच निबंधात चिकटवतो.

आणि यासाठी चर्चच हवं असंही नाही! १९१० मध्ये सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी सोमठाण्यातून 'दीनमित्र' काढला, पुढे तो तरवडीहून १९६७ पर्यंत चालवला. खेड्यात बसून, खेड्यातल्या माणसांसाठी. हेही नगर जिल्ह्यातच. म्हणजे एका जिल्ह्यात ज्ञानोदय, निरोप्या, दीनमित्र, आणि आमच्या वाट्याला गॅझेटियर. विदर्भात अगदीच काही नव्हतं असं नाही, तुकडोजी महाराजांच्या मोझरीचं 'श्रीगुरुदेव' मासिक होतं. पण त्याचे जुने अंक कुणाच्या माळ्यावर आहेत आणि कुणाकडे रद्दीत गेले याची चौकशी किती जणांनी केलीय?

आज आपण काय करतो? शाळेची पन्नास वर्षं झाली की स्मरणिका. निम्मी पानं आमदार-खासदारांचे शुभेच्छा संदेश, उरलेली कृषी केंद्राच्या जाहिराती. बाकी सगळं गाव व्हॉट्सअॅपवर. कुणी गेलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली' चाळीस वेळा, पण तो माणूस कोण होता, विहीर खणणारा की तमाशात ढोलकी वाजवणारा, हे एकजण लिहीत नाही. फोन बदलला, बॅकअप नव्हता, संपलं. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला शेतभर पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी. पेपरात लाखाचा आकडा येतो. वांगी चिरायला कुठल्या गावची माणसं आदल्या रात्री बसली होती, ते नाही येत.

तेव्हा दोन कामं आहेत राव. ज्यांच्या ओळखीत जुने गठ्ठे आहेत, चर्चमध्ये, वाचनालयात, आजोबांच्या पेटीत, त्यांनी फोनवर का होईना फोटो काढून ठेवा. ओसीआर मागाहून बघू, कागद थांबणार नाही. आणि गावात महिन्याला चार पानं छापा. सोयाबीन काय भावाने गेलं, कुठल्या बोअरला पाणी लागलं नाही, समृद्धी महामार्गात तालुक्यात ज्यांची जमीन गेली त्यांनी मोबदल्याचं काय केलं, कोण कुणाच्या मयतीला गेलं नाही. (शेवटचं जरा जपून!)

पहिल्या पानावर नेत्याचा फोटो हवाच असा कुणी आग्रह धरला तर त्याला जाहिरातीच्या दराने पावती फाडा.